चढ शिकवताना आधी आडवं अंतर मुलांच्या हाती लागू द्या

दहावीच्या भूमितीत 'निर्देशक भूमिती' हे प्रकरण येतं आणि त्यात रेषेचा चढ. वाय-निर्देशकांतला फरक वर, एक्स-निर्देशकांतला फरक खाली, भागाकार केला की झालं. मुलं सूत्र पाठ करतात, गुणही मिळवतात. पण त्याच मुलांना शाळेच्या दारातल्या रॅम्पपाशी उभं करून 'याचा चढ मोजा' म्हणून सांगा. उंची कुठून कुठे मोजायची हे ती चटकन दाखवतील आणि दुसऱ्या मापासाठी टेप रॅम्पच्या तिरक्या पृष्ठभागावर अंथरतील. आडवं अंतर नेमकं कुठे आहे हे वर्गातल्या फार थोड्या मुलांना सांगता येतं. त्यात त्यांचा दोष नाही. ते अंतर रॅम्पच्या काँक्रीटखाली गाडलेलं असतं. डोळ्यांना दिसत नाही आणि चालताना पायांनाही जाणवत नाही.

चढ ही संकल्पना अडते ती या न दिसणाऱ्या आडव्या अंतरापाशी, असं माझं ठाम मत आहे. म्हणून पुढच्या सगळ्या कृती ते अंतर मुलांच्या हातात आणून देण्यासाठी आहेत. सूत्र सर्वांत शेवटी येतं. गुणोत्तर कळत असेल तर यातला मोठा भाग आठवी-नववीतही करता येतो. दहावीत घेणार असाल तर पाच-सहा तासिका काढून ठेवा आणि त्यातल्या निदान दोन वर्गाबाहेर जाऊ द्या.

सामान फार लागत नाही. दोन-तीन फळ्या, विटा, मीटरपट्टी, मोजण्याचा टेप, दोरा, ओळंबा (नसेल तर दोऱ्याला बांधलेला जड नट चालतो) आणि एक स्पिरिट लेव्हल (पट्टी आडवी आहे का ते आतल्या बुडबुड्याने दाखवणारं साधन). स्पिरिट लेव्हल शाळेत नसते, पण गावातल्या कोणत्याही गवंड्याकडे किंवा सुताराकडे असते. मोबाइलवरची लेव्हल वापरली तरी काम भागतं.

पहिली पायरी: वाद होऊ द्या

एकाच लांबीच्या दोन फळ्या घ्या. एक एका विटेवर टेकवा, दुसरी तीन विटांवर. जास्त चढाची कोणती? सगळे बरोबर सांगतील. मग उंची सारखी ठेवून एक फळी आखूड आणि एक लांब घ्या. यातही फारसं कोणी चुकत नाही. इथवर मुलांना एकाच मापाकडे बघून उत्तर देता येतं, म्हणून या टप्प्यावर जास्त रेंगाळू नका.

खरा प्रश्न त्यानंतरचा आहे. फळ्यावर दोन उतार लिहा: पहिला ४० सेंटिमीटर आडव्या अंतरात २० सेंटिमीटर चढतो, दुसरा ६० सेंटिमीटरमध्ये ४०. काही मुलं हमखास म्हणतात की दोन्ही सारखेच, कारण दोन्हीकडे फरक २० चाच आहे. काही म्हणतात दुसरा जास्त, कारण तो उंच आहे. उत्तर दुसऱ्यांचं बरोबर आहे, पण कारण चुकीचं. लगेच दुरुस्त करू नका. तिसरा उतार द्या: १०० सेंटिमीटरमध्ये ५० चढणारा. हा तिघांत सर्वांत उंच, तरी पहिल्याइतकाच चढाचा. आता उंचीवाल्यांनाही विचार करावा लागतो. फळ्या लावून बघू द्या. वजाबाकीने काम होत नाही, भागाकारच करावा लागतो, हे मुलांनी स्वतः म्हणेपर्यंत थांबा. या पंधरा मिनिटांत झालेला वाद पुढचे कितीतरी तास वाचवतो.

'उंच म्हणजे चढाचं' ही समजूत चिवट असते. ती काढायला कळसूबाई उपयोगी पडते. १६४६ मीटर उंचीचं हे महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, पण त्याची वाट सगळीकडे सारखी खडी नाही. काही टप्प्यांवर लोखंडी शिड्या लावाव्या लागल्या आहेत आणि मधे निवांत चालता येईल अशी सपाटीही आहे. उंची डोंगराची असते, चढ मात्र वाटेच्या त्या त्या तुकड्याचा असतो. ट्रेकला गेलेलं एखादं मूल वर्गात असेलच, त्यालाच सांगू द्या.

दुसरी पायरी: जिना

जिन्यापासून सुरुवात करण्याचं कारण साधं आहे. तिथे उंची आणि आडवं अंतर दोन्ही उघडी असतात. पायरीची उभी बाजू आणि पाय ठेवायची आडवी जागा, दोन्हींवर मुलं हात ठेवू शकतात. प्रत्येक गटाने शाळेच्या जिन्याची एक पायरी मोजायची, मग सलग तीन पायऱ्या मिळून किती चढलो आणि किती पुढे गेलो ते मोजायचं, मग पूर्ण जिना. तीनही वेळा उंची भागिले आडवं अंतर काढायचं.

समजा पायरी १५ सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर रुंद आहे. एका पायरीला १५/३०, तिघींना मिळून ४५/९०, दहांना १५०/३००. प्रत्येक वेळी अर्धा. मग पायऱ्यांच्या कडांना टेकेल असा एक दोरा वरून खालपर्यंत ताणून धरा. तो दोरा म्हणजेच रेषा. रेषेवरचे कोणतेही दोन बिंदू घेतले तरी चढ तोच का येतो, हे पुस्तकात समरूप त्रिकोणांनी सिद्ध करता येतं. इथे ते त्रिकोण एकावर एक रचलेले समोरच दिसतात. समरूपतेचं प्रकरण आधी झालं असेल तर आवर्जून त्याची आठवण द्या.

नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये घरांच्या जिन्याची पायरी जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर उंच आणि कमीत कमी २५ सेंटिमीटर रुंद असावी असं आहे. शाळांसारख्या इमारतींसाठी हीच मापं १५ आणि ३० आहेत. म्हणजे घरच्या जिन्याचा चढ ०.७६ पर्यंत जाऊ शकतो, शाळेचा ०.५. मुलांना घरचा जिना मोजून आणायला सांगा. ज्यांच्या घरी जिना नाही त्यांनी देवळाच्या, बाजारातल्या दुकानाच्या किंवा नदीच्या घाटाच्या पायऱ्या मोजाव्यात. जुन्या वाड्यांतल्या जिन्यांचे आकडे आले की वर्गात बोलायला भरपूर मिळतं.

तिसरी पायरी: रॅम्प, आणि गाडलेलं अंतर

हा टप्पा या सगळ्याचा गाभा आहे, त्याला पूर्ण तासिका द्या.

मीटरपट्टीचं एक टोक रॅम्पच्या पृष्ठभागावर टेकवा आणि दुसरं टोक उताराच्या दिशेने हवेत धरा. पट्टीवर स्पिरिट लेव्हल ठेवून बुडबुडा मधोमध येईपर्यंत हवेतलं टोक वर-खाली करा. पट्टी आडवी झाली की तिच्या मोकळ्या टोकापासून ओळंबा सोडा आणि खाली रॅम्पपर्यंतचं अंतर मोजा. झालं. पट्टी म्हणजे आडवं अंतर, ओळंब्याचा दोरा म्हणजे उंची. काँक्रीटखाली दडलेला काटकोन त्रिकोण मुलांनी उलटा करून हवेत बांधला. पट्टी १०० सेंटिमीटरची आहे म्हणून ओळंब्याने दाखवलेले सेंटिमीटर हाच थेट शेकडा चढ होतो, हे कोणीतरी आपणहून ओळखतं. ओळखलं नाही तर थोडा वेळ थांबून तुम्ही विचारा.

एका गटात तिघं पुरतात: एक पट्टी धरणारा, एक बुडबुड्यावर नजर ठेवणारा, एक ओळंबा मोजणारा. प्रत्येक गटाने रॅम्पवर वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी मोजावं. आकडे सारखे येतीलच असं नाही. कधी मोजण्यात फरक पडतो, कधी रॅम्पच वाकडातिकडा असतो. यातलं कोणतं कारण आहे ते शोधायचं असेल तर गटांनी जागा बदलून एकमेकांची मापं पुन्हा घ्यावीत. ही सवय चढाच्या पलीकडेही कामाला येते.

आता नियम सांगा: चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा चढ १२ ला १ (म्हणजे १२ पुढे गेल्यावर १ वर) याहून जास्त असू नये. मीटरपट्टीच्या भाषेत ओळंबा ८.३ सेंटिमीटरच्या वर जाऊ नये. शाळेचं जोतं ४५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्पचं आडवं अंतर किती हवं? ४५ गुणिले १२, म्हणजे ५४० सेंटिमीटर, जवळजवळ साडेपाच मीटर. त्याच उंचीला तीन पायऱ्या केल्या असत्या तर मीटरभरही जागा लागली नसती. रॅम्प बांधताना जागा वाचवायचा मोह का होतो, हे मुलांना या आकड्यांवरून लगेच कळतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेची इमारत अडथळाविरहित असावी ही अट आहे. रॅम्प आहे एवढ्यावर ती अट खऱ्या अर्थाने पूर्ण होत नाही, त्याचा चढ बरोबर हवा. तुमच्या शाळेचा रॅम्प ६ ला १ किंवा ८ ला १ निघाला तर मुलांनी मापं आणि आकृतीसह एक पत्र मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीला लिहावं. गणिताच्या वहीतलं उत्तर कोणाच्या तरी उपयोगी पडण्याची अशी संधी सहजासहजी मिळत नाही. मला स्वतःला हा या विषयातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

याच तासाला तिरक्या अंतराचा प्रश्न मिटवा. १२ ला १ रॅम्पवर ५४० सेंटिमीटरऐवजी पृष्ठभागावरून मोजलं तर सुमारे ५४२ येतात. फरक दोन सेंटिमीटरही नाही. 'मग तिरकं मोजलं तर बिघडलं कुठे?' असं मुलं विचारतील आणि प्रश्न रास्त आहे. त्यांना पुन्हा जिन्यावर न्या. १५ आणि ३० च्या पायरीत तिरकी बाजू ३३.५ येते, आणि त्या मापाने चढ ०.५ ऐवजी ०.४५ निघतो. फळी ४५ अंशांवर ठेवली तर १ ऐवजी ०.७१. चढ जितका खडा, तितकी ही चूक मोठी. सौम्य उतारावर ती नगण्य असते म्हणून रस्ते आणि रेल्वेच्या कामात बहुतेक वेळा लक्षातही येत नाही.

रॅम्प नसेल तर शेत

गावातल्या शाळांसाठी मी ए-फ्रेम सुचवेन. पाणलोटाची कामं झालेल्या गावांत ती अनेकांनी हाताळलेली असते. सलग समतल चर खणताना एका पातळीवरच्या जागा याच साध्या चौकटीने शोधतात. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये एक आडवी काठी, आणि शेंड्यापासून ओळंबा सोडायचा. दोन्ही पाय एका पातळीवर असले की दोरा आडव्या काठीच्या मधल्या खुणेवरून जातो.

खूण मात्र नीट करून घ्या. चौकट जमिनीवर उभी करून दोरा जिथे येतो तिथे एक खूण करा. मग चौकट फिरवून पायांच्या जागांची अदलाबदल करा आणि दुसरी खूण करा. दोन खुणांचा मध्य म्हणजे खरी पातळी. जमीन सपाट नसली तरी ही युक्ती चालते, आणि ती का चालते हा हुशार मुलांसाठी छान प्रश्न आहे.

आता चढ मोजायला चौकट उताराच्या दिशेने उभी करा. खालच्या बाजूच्या पायाखाली विटा, दगड, फळकुटं ठेवत जा, दोरा मधल्या खुणेवर येईपर्यंत. पायांमधलं अंतर २ मीटर असेल आणि २० सेंटिमीटर उचलावं लागलं, तर चढ १० ला १. इथेही मुलांनी तोच हवेतला त्रिकोण बांधला. पुढे शेताच्या बांधाकडे बघायला सांगा. समतल बांध पाणी अडवतो, त्याच्या लांबीच्या दिशेने चढ शून्य ठेवलेला असतो. ढाळीच्या बांधाला मुद्दाम किंचित उतार देतात, म्हणजे जास्तीचं पाणी माती न वाहवता सावकाश निघून जातं. शेतकरी पालक येऊन दहा मिनिटं बोलले तर याहून चांगलं काही नाही.

चौथी पायरी: घाटातली रेल्वे

रस्त्यावर किंवा रुळांजवळ जाऊन मोजमाप करू नका. हा टप्पा नकाशा आणि आकड्यांवरच करायचा.

१८६३ मध्ये सुरू झालेल्या भोर घाटाच्या रेल्वेमार्गाचा सर्वांत खडा चढ ३७ ला १ आहे. कसाऱ्याच्या थळ घाटातही तेवढाच. म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर १ मीटर वर. नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीला २० ला १ पर्यंतचा चढ आहे. कोकण रेल्वे बांधताना मात्र १५० ला १ याहून जास्त चढ द्यायचा नाही असं ठरवलं होतं. डोंगर तेच सह्याद्रीचे, पण एवढा सौम्य चढ ठेवायचा म्हणजे बोगदे आणि पूल अटळ.

या आकड्यांना दशांशात आणायला सांगा. कोकण रेल्वे ०.००७, भोर घाट ०.०२७, माथेरान ०.०५, रॅम्प ०.०८३, शाळेचा जिना ०.५. इथे वर्ग चमकतो. शाळेचा नियमातला रॅम्पही भोर घाटाच्या तिपटीहून जास्त चढाचा! मग भोर घाट चढण्याआधी कर्जतला गाडीमागे जादा इंजिनं का जोडतात? कारण लोखंडी चाक लोखंडी रुळावर फार कमी पकड धरतं आणि ओढायचं वजन शेकडो टनांचं असतं. आपल्या पायाला किंवा खुर्चीच्या रबरी चाकाला किरकोळ वाटणारा चढ आगगाडीला जड जातो. 'खूप चढ' हे चढणाऱ्यावर ठरतं, आकडा मात्र सगळ्यांसाठी एकच असतो.

माथेरानचं उदाहरण पुढे न्या. नेरळपासून माथेरान साधारण ७५० मीटर उंच आहे आणि रुळांची लांबी सुमारे २१ किलोमीटर. सरासरी चढ किती? साधारण २८ ला १. आता नकाशावर दोन्ही ठिकाणांमधलं सरळ अंतर मोजून तोच भागाकार पुन्हा करायला लावा. वळणं कशासाठी घेतली हे वेगळं सांगावं लागत नाही. उंची बदलता येत नाही, तेव्हा आडवं अंतर वाढवायचं. घाटातल्या प्रत्येक नागमोडी रस्त्याचं गणित एवढंच आहे.

पाचवी पायरी: आलेख, आणि मग सूत्र

आता कागद हातात घ्या. जिन्याचा पाया हा आरंभबिंदू धरला तर पायऱ्यांच्या कडा (३०, १५), (६०, ३०), (९०, ४५) अशा येतात. यातले कोणतेही दोन बिंदू निवडून वाय-निर्देशकांतला फरक भागिले एक्स-निर्देशकांतला फरक काढू द्या. जिन्यावर जे हाताने केलं तेच लिहिलं जातंय हे मुलं स्वतः ओळखतात. कोणता बिंदू पहिला धरला याने फरक पडत नाही, पण वर आणि खाली क्रम एकच हवा. एकदा मुद्दाम क्रम बिघडवून दाखवा. चढणारा जिना उतरणारा होतो.

चिन्हासाठी एक करार करावा लागतो: आलेख डावीकडून उजवीकडे चालायचा. चालताना वर गेलो तर चढ धन, खाली गेलो तर ऋण. सपाट फरशीचा चढ शून्य. आणि भिंत? तिथे उंची आहे, आडवं अंतर शून्य आहे आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ सांगताच येत नाही. 'शून्य चढ' आणि 'चढ सांगता येत नाही' यांत मुलं फार गोंधळतात. फरशी आणि ओळंबा दाखवून विचारलं की गोंधळ बराच कमी होतो.

आलेखाचा एक धोका आहे: अक्षांची प्रमाणं बदलली की तीच रेषा खडी किंवा सौम्य दिसते. त्यासाठी गोदावरी घ्या. ती त्र्यंबकेश्वरजवळ १०६७ मीटर उंचीवर उगम पावते आणि १४६५ किलोमीटर वाहून बंगालच्या उपसागराला मिळते. कागदावर १ किलोमीटरला १ मिलिमीटर धरून नदीचा उतार काढायला सांगा. कागद जवळजवळ दीड मीटर लांब लागेल आणि उंची भरेल जेमतेम १ मिलिमीटर! रेषा सपाटच दिसणार. उतार दिसावा म्हणून भूगोलाच्या पुस्तकात उंचीचं प्रमाण वाढवलेलं असतं, हे यातून कळतं. उगमापासून अरबी समुद्र मात्र केवळ ८० किलोमीटरवर आहे. तेवढीच उंची ८० किलोमीटरमध्ये उतरली तर सरासरी उतार गोदावरीच्या अठरापट होतो. सह्याद्रीच्या दोन बाजू इतक्या वेगळ्या का, हा भूगोलाच्या शिक्षकांसोबत घ्यायचा तास आहे.

त्रिकोणमिती झाली असेल तर कोनही जोडा. चढ म्हणजे त्या कोनाचा टॅन. १०० टक्के चढ म्हणजे उभी भिंत असं अनेकांना वाटतं, पण तो फक्त ४५ अंशांचा. भोर घाटाचा कोन दीड अंशाच्या आसपास, रॅम्पचा पावणेपाच. कोन दुप्पट केला म्हणून चढ दुप्पट होत नाही: ३० अंशांना ०.५८, ६० अंशांना १.७३. लहान कोनांना मात्र जवळजवळ दुप्पट होतो. मुलांनी कोष्टकात शोधावं.

टाकी भरणं, वेग, दर, हे सगळं यानंतर. मिनिटाला १५ लिटर भरणाऱ्या टाकीच्या आलेखाचा चढ १५, आणि त्याला 'लिटर दर मिनिट' हे एकक आहे. रॅम्पच्या चढाला एकक नव्हतं, कारण दोन्हीकडे सेंटिमीटर होते. या टप्प्याला घाई केली तरी चालेल. पाया पक्का असेल तर मुलं इथे अडत नाहीत.

समजलं की नाही हे कसं ओळखायचं

सूत्रात आकडे घालायचे प्रश्न पुस्तकात पुरेसे आहेत. त्यांच्या जोडीला हे विचारा.

एक कौलारू छप्पर ३ मीटर आडव्या अंतरात १.५ मीटर चढतं, दुसरं ४ मीटरमध्ये २.५ मीटर. पाणी कुठून लवकर निथळेल?

६० सेंटिमीटर उंच ओट्याला नियमाप्रमाणे रॅम्प करायचा आहे, पण समोर फक्त ४ मीटर जागा आहे. काय कराल? इथे ७.२ मीटर लागतात हे काढणं अर्धं उत्तर. रॅम्प मध्ये सपाट जागा ठेवून वळवावा लागेल असं जो म्हणतो आणि त्याची आकृती काढतो, त्याला पूर्ण गुण द्या.

आणि शेवटी, एका विद्यार्थ्याने रॅम्पची तिरकी लांबी आणि उंची मोजून चढ ०.६ काढला. खरा चढ यापेक्षा जास्त की कमी, आणि किती? पायथागोरसने आडवी बाजू काढून ०.७५ पर्यंत पोहोचणाऱ्या मुलांना पुढच्या प्रकरणाकडे न्यायला हरकत नाही. जी मुलं 'कमी' म्हणतात, त्यांना मीटरपट्टी आणि ओळंबा देऊन पुन्हा रॅम्पवर पाठवा.